एकतिसावा रकाना

"मॅडम, निरंक म्हणजे काय जी?"

मी मान वरही केली नाही. सकाळचे सव्वादहा वाजले होते. दुपारी तीनला अहवालाचं जाहीर वाचन होतं, माईकवाल्याचा पत्ता नव्हता, खुर्च्या शंभर सांगितल्या तर साठच आल्या होत्या, आणि माझ्या टेबलावर दीडशे प्रती स्टेपल व्हायच्या पडल्या होत्या.

"निरंक म्हणजे काही नाही," मी स्टेपलर दाबत म्हटलं. "आकडा नाही. शून्य समजा."

"म्हणजे कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"मग मी कुठं आहो?"

तेव्हा मी पाहिलं. चाळिशी ओलांडलेली सावळी बाई, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लोकांनी पाहावी म्हणून काउंटरवर ठेवलेली अहवालाची प्रत तिने सरळ उचलून आत आणली होती, आणि तिचं बोट अकराव्या पानावर, एकतिसाव्या रकान्यावर टेकलेलं होतं.

"मी बेबीनंदा टापरे," ती म्हणाली. "गजानन टापरे डायवर होते न जी तुमच्या हापिसात, त्यांची मिसेस."

टापरे मला आठवत होते. न आठवायला काय झालं! सहा वर्षांपूर्वी नाक्यावर ट्रक तपासायला निघालेली खात्याची जीप उलटली, त्यात तो एकटा माणूस गेला. हारासाठी वर्गणी मीच गोळा केली होती. त्यांची बायको समोर उभी होती आणि मी तिला ओळखलं नाही, याची मला लाज वाटली. मी स्टेपलर बाजूला ठेवला आणि तिला बसायला सांगितलं.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, नाही तर तुम्हाला काही उलगडायचं नाही. मी विजया पिंपळखुटे, एका कर खात्याच्या जिल्हा कार्यालयात सांख्यिकी सहायक होते. कोणतं खातं, कोणता जिल्हा, ते विचारू नका. पेन्शन खाणाऱ्या बाईने नसती उठाठेव कशाला करावी! वर्षभरात खात्याने काय काम केलं आणि कशावर किती खर्च केला, याचा बेचाळीस रकान्यांचा अहवाल मी दर वर्षी तयार करून मुंबईला पाठवायची. जीपला डिझेल किती लागलं इथपासून ते तक्रारी किती निकाली निघाल्या, पदं किती रिकामी आहेत इथपर्यंत सगळं त्यात. त्या वर्षी वर कुणाच्या तरी मनात आलं की, खातं लोकांकडून कर घेतं तर आपला कारभारही लोकांपुढे मांडावा. अहवालाला नाव दिलं 'पारदर्शकता अहवाल'. तो छापायचा, आठवडाभर काउंटरवर ठेवायचा, मग गावातल्या लोकांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि लोकांनी काही चूक दाखवली तर तिथल्या तिथे दुरुस्ती नोंदवून त्याच संध्याकाळी मुंबईला पाठवायचा.

रकान्यांची माहिती निरनिराळ्या टेबलांवरून माझ्याकडे यायची. यायची म्हणजे, यायला हवी. मी परिपत्रक काढायची, तारीख द्यायची, स्मरणपत्र द्यायची. तरी काही टेबलं ढिम्म हलायची नाहीत. रकाना कोरा गेला की मुंबईहून फोन, आणि बोलणी मला. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती, माझ्या आधीच्या बाबूच्याही आधीपासूनची. तारखेपर्यंत माहिती आली नाही की लिहायचं 'निरंक'. रकाना भरला, मुंबई खूश, आपण मोकळे. मी सात वर्षं हेच करत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट, माझा अहवाल कधी उशिरा गेला नाही, याचा मला तोरा होता.

एकतिसावा रकाना होता अनुकंपा यादीचा. कर्मचारी नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्या एकाला खात्यात घेतात. त्यांची प्रतीक्षायादी असते. कुणाच्या यादीत माणसं आहेत, ते मुंबई याच रकान्यात बघायची आणि त्या जिल्ह्याला वर्षाला एक जागा द्यायची. यादीत एक असो की दहा, जागा एकच, आणि ती अर्जाच्या क्रमाने. आणि पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की यादीतून नाव बाद.

बेबीनंदाने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. आमच्याच कार्यालयाचं पत्र, सहा वर्षांपूर्वीचं, गोल शिक्क्याचं. आपले नाव प्रतीक्षायादीत समाविष्ट करण्यात आले आहे.

"दर दोन महिन्याले येतो मी इथं," ती म्हणाली. "घोंगडेसाहेब सांगतात, वरून जागाच आली नाही. मी म्हटलं, ठीक आहे बाप्पा, सरकारी काम अन् सहा महिने थांब. पण आता येत्या अठ्ठावीसले मले पंचेचाळीस पुरे होतात. म्हणून म्हटलं, आज लोकाईले बोलावलं आहे तर आपणही पाहून यावं. तर इथं लिहिलं आहे, कोणीच नाही."

त्या दिवशी सतरा तारीख होती. अकरा दिवस.

"हे कोण लिहिते जी?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरंच तिला ते माहीत करून घ्यायचं होतं.

"वरून येतं," मी म्हटलं.

खोटं बोलायची मला फारशी सवय नाही, पण ते वाक्य असं सहज निघालं की जणू रोजचंच होतं. "तुम्ही बाहेर बाकावर बसा, मी बघते," असं म्हणून मी उठले ती सरळ घोंगड्यांच्या टेबलाकडे.

दादाराव घोंगडे आस्थापनेचे हेडक्लार्क. सेवानिवृत्तीला पाच महिने राहिलेले. ताकास तूर लागू न देणारा माणूस. मी विचारलं, "घोंगडेजी, अनुकंपाचं रजिस्टर कुठे आहे?"

"ऑडिटले गेलं."

"केव्हा?"

"गेलं असन दिवाळीच्या आसपास."

"टापरेबाईंचं नाव यादीत आहे का?"

"आहे न."

"आहे? मग तुम्ही मला सहा वर्षांत एकदाही कळवलं का नाही?"

"तुम्ही मागतलं का?"

"अहो, दर वर्षी परिपत्रक काढते मी!"

"परिपत्रक तर रोजच येते, मॅडम." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तुम्ही येऊन विचारलं असतं, घोंगडेजी, यादीत कोणी आहे का, तर मी काय नाही म्हटलं असतं? आज विचारलं, आज सांगतलं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचं टेबल माझ्यापासून चौदा पावलांवर होतं. मी नंतर मोजली. सात वर्षं मी चौदा पावलं चालले नव्हते, स्मरणपत्रं मात्र एकवीस काढली होती.

मग साहेबांकडे. हेरलेकरसाहेब कोल्हापूरकडचे, चार महिन्यांपूर्वीच आलेले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, शिपायालाही अहो म्हणायचा. या अहवालाचं मात्र त्याने फार मनावर घेतलं होतं, कारण अख्ख्या विभागात पहिलं वाचन आमच्याकडे होतं आणि दोन वर्तमानपत्रांचे वार्ताहर येणार होते.

"चूक झाली आहे साहेब," मी म्हटलं आणि काय ते सांगितलं.

त्यांनी प्रत उघडली, पान अकरा पाहिलं, मिटली. "पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"पुढच्या वर्षी ती यादीत नसेल. अठ्ठावीसला पंचेचाळीस होते."

"मग स्वतंत्र प्रस्ताव करा."

"स्वतंत्र प्रस्ताव जायला महिना. जागावाटपाची बैठक वीस तारखेला आहे. जे आज अहवालात जाईल त्यावरच बैठक होणार."

साहेब उठून खिडकीशी गेले, परत आले, बसले. "अहो पिंपळखुटे, सात वर्षं निरंक आणि आज अचानक एक? मुंबईवाले विचारतील, सात वर्षं कोण झोपलं होतं?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाल हो! खुलासा मला द्यावा लागेल. तुमची पदोन्नतीची फाइल माझ्या टेबलावर आहे, ठाऊक आहे ना? त्यात हे लागलं तर तीन वर्षं विसरा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय. पण दीडशे प्रती छापल्यात. जे छापलंय ते वाचा. एक शब्द इकडेतिकडे नको."

मी बाहेर आले. पुढचे तीन तास कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. जिना चढले, उतरले, पुन्हा चढले. माईकवाला आला, त्याच्यावर उगाच खेकसले. प्रती मोजल्या, एकशे एकोणपन्नास भरल्या, पुन्हा मोजल्या. शिपायाने दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला. प्रत्येक खेपेला त्या बाकासमोरून जावं लागायचं. बेबीनंदा तिथे बसलेली असायची, पिशवी मांडीवर, पाय जवळ घेतलेले. ती मला काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी रागावले तरी असते.

एकच्या सुमारास तिने डबा काढला. मी जात होते तर म्हणाली, "जेवल्या का जी मॅडम? सकाळपासून धावूनच राहिल्या तुम्ही."

"जेवते नंतर."

"घ्या न थोडं. भाकर अन् वांग्याचं भरीत आहे. आज शाळेत खिचडीची सुट्टी मागतली मी, म्हणून घरीच केलं."

जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. महिन्याला हजार रुपये, तेही वेळेवर नाहीत. दोन मुली, थोरली बारावीला. हे सगळं तिने भाकरीचा तुकडा माझ्या हातावर ठेवता ठेवता सांगितलं. रडगाणं म्हणून नव्हे, जेवताना आपण बोलतो तसं. मी तो तुकडा खाल्ला.

"बाई, लागली ही नोकरी तर काय कराल?" मी विचारलं. कशाला विचारलं देव जाणे.

"पाणी पाजीन लोकाईले, फायली नेईन. अजून काय करतात शिपाई?" ती हसली. "थोरलीले नर्सिंगले टाकायचं आहे."

मी तिथून पळालेच म्हणायला हरकत नाही. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून स्वतःला म्हटलं, विजये, छापलंय ते वाच आणि घरी जा. तुझंही घर आहे, तुझ्याही मुलाची इंजिनिअरिंगची फी आहे. मग म्हटलं, अगं पण तूच लिहिलंस ते! मग पुन्हा म्हटलं, सगळेच लिहितात. असा घोळ घालत मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेरून कुणी तरी दार वाजवलं तेव्हा निघाले.

तीनला सभागृह बऱ्यापैकी भरलं. पुढच्या रांगेत व्यापारी संघाचे लोक, मागे करसल्लागार, दोन वार्ताहर, आणि खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून बसवलेले आमचेच बाबू. घोंगडे एका कोपऱ्यात. बेबीनंदा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. साहेबांनी छान भाषण केलं. कर हा जनतेचा, म्हणून कारभारही जनतेपुढे उघडा, वगैरे. टाळ्या झाल्या. मग मी माईकपुढे उभी राहिले.

पहिला रकाना, दुसरा रकाना. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. सहाव्या रकान्यात वाहनांचं डिझेल आलं, तेव्हा एक म्हातारे करसल्लागार उठले. "जीप किती म्हणालात?"

"चार."

"त्यातल्या दोन तर तुमच्या आवारात विटांवर उभ्या आहेत. त्या डिझेल पितात कशा?"

सभागृहात हशा पिकला. साहेबांचे कान लाल झाले. "तपासून घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी वहीत टिपलं. मी पुढे वाचत गेले. वीस. पंचवीस. एकोणतीस. माझ्या हातातल्या पानाला घाम लागला होता. तिसावा रकाना वाचला, दुरुस्तीला आलेले पंखे, सतरा. आणि मग एकतिसावा आला.

"अनुकंपा प्रतीक्षायादीतील उमेदवार," मी वाचलं, आणि थांबले. किती वेळ थांबले ते मला माहीत नाही, पण साहेबांनी मान वर केली एवढा वेळ. मला दाराजवळची ती कापडी पिशवी दिसत होती.

"एक," मी म्हटलं.

पानं चाळल्याचा आवाज झाला. पुढच्या रांगेतला व्यापारी म्हणाला, "मॅडम, आमच्या प्रतीत तर निरंक आहे."

"हो," मी म्हटलं. "ते चुकीचं आहे. ते मीच लिहिलं. माहिती आली नाही म्हणून मी निरंक लिहिलं, आणि सात वर्षं तसंच लिहीत आले. आपल्या खात्याचे ड्रायव्हर गजानन टापरे कामावर असताना वारले, त्यांच्या पत्नी सहा वर्षांपासून यादीत आहेत. म्हणून एक."

माझी छाती एकदम मोकळी झाली. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी स्वतःचा अभिमानही वाटला. वार्ताहर भराभर लिहीत होते. साहेब त्यांच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग ते सावकाश म्हणाले, "दुरुस्ती नोंदवून घ्या. एक."

मी पेन काढलं.

"साहेब, एक नाही जी."

दाराजवळ बेबीनंदा उभी राहिली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात जोडलेले. सगळे वळून बघायला लागले.

"दोन आहेत जी," ती म्हणाली. "सीमेवरच्या नाक्यावर खोब्रागडे चौकीदार होते. ते आमच्या ह्याईच्या वर्षभर आधी वारले, नाक्यावरच, साप चावून. त्यांच्या पोरानं, राजरतननं, अर्ज देल्ला आहे. माझ्या पहिले देल्ला आहे."

मी घोंगड्यांकडे पाहिलं. घोंगडे छताकडे पाहत होते. मी विचारलं, "आहे का, घोंगडेजी?"

"आहे न," ते म्हणाले. "तुम्ही सकाळी टापरेबाईचंच विचारलं."

माझा सगळा अभिमान क्षणात उतरला. सात वर्षांची चूक सुधारायला निघाले होते आणि पुन्हा तेच केलं होतं. समोर जेवढं माणूस आलं तेवढंच लिहिलं. यादीत किती आहेत, हे मी आजही विचारलं नव्हतं.

पण त्याहून वाईट गोष्ट मला पुढच्याच क्षणी कळली, आणि मी माईक सोडून खुर्च्यांमधून वाट काढत तिच्याकडे धावले. तिचा दंड धरून तिला दाराबाहेर घेतलं.

"बाई, हे काय केलंत?" माझा आवाज दबत नव्हता. "यादीत दोन असले तरी जागा एकच येते! त्याचा अर्ज आधीचा, म्हणजे जागा त्याची! तुमच्या हातात अकरा दिवस आहेत. तुम्हाला कळतंय का?"

"कळते न जी."

"मग आत जाऊन मी सांगते, की त्याची माहिती तपासायची आहे, पुढच्या वर्षी घालू. तो तरुण असेल. त्याला वेळ आहे."

"तीस वर्षांचा आहे. जिनिंगमधे हमाली करते. दोन लेकरं आहेत त्याले."

"पण त्याच्याकडे पंधरा वर्षं आहेत, बाई! तुमच्याकडे अकरा दिवस!"

तिने माझा हात हळूच दंडावरून काढला. "मॅडम, मागच्या वर्षी इथंच बाकावर भेटला तो मले. तवापासून दर महिन्याले फोन करते. काकू, काही कळलं का? मी म्हणतो, नाही रे. नव्वद किलोमीटर येणं त्याले परवडत नाही न, म्हणून मलेच विचारते. आज सकाळी मी त्याले सांगूनच निघाली, की तुझंही पाहून येतो म्हणून. संध्याकाळी तो फोन करन. मी काय सांगू त्याले? का तू नव्हताच?"

"तुमच्या मुलीचं नर्सिंग?"

इथे तिचा चेहरा हलला. तिने ओठ आवळले, भिंतीकडे पाहिलं, आणि पदराने नाक पुसलं. "ते पाहीन मी," ती म्हणाली. "तुम्ही जा आत. लोकं वाट पाहून राहिले."

मी जागची हलेना. मग तिने मला खरोखरच पाठीवर हात ठेवून आत ढकललं.

या वेळी आधी घोंगड्यांना यादीत आणखी कुणी आहे का ते विचारलं, पूर्ण नावं लिहून घेतली आणि मग मी माईकपुढे गेले. "अनुकंपा प्रतीक्षायादीतील उमेदवार, दोन," मी वाचलं. "पहिला, राजरतन भीमराव खोब्रागडे. दुसऱ्या, बेबीनंदा गजानन टापरे." बाकीचे अकरा रकाने मी कसे वाचले मला आठवत नाही. साहेबांनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती मुंबईला पाठवली. वर्तमानपत्रात छापून आलं ते विटांवरच्या जीपचं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, पदोन्नती तीन नाही, चार वर्षं लांबली. त्याचं मला आजही काही नाही.

पुढच्या चार दिवसांत मी काय नाही केलं! मुंबईला सात फोन केले. साहेबांनीही एक केला, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. विशेष बाब म्हणून दोन जागा द्या, वयाच्या अटीत महिन्याची सूट द्या, बाईची चूक नाही, चूक आमची आहे. पलीकडचा आवाज दर वेळी वेगळा असायचा आणि उत्तर तेच. पंचवीस तारखेला आदेश आला. एक जागा, एक नाव.

मीच सायकलरिक्षा करून शाळेत गेले तिला सांगायला. ती चुलीवरची खिचडी ढवळत होती. तिने ऐकलं, झारा पातेल्यावर आडवा ठेवला, आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "वरून येत नाही ते. मीच लिहीत होते."

"ते तर तुम्ही हॉलमधेच सांगतलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. "सहा वर्षं, मॅडम. एकदा उठून विचारलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?"

मी तिथे उभी राहिले आणि तिने मला जे सुनवायचं ते सुनवू दिलं. तिने फार नाही सुनवलं. घंटा झाली, पोरं ताटं घेऊन धावली, आणि तिने पुन्हा झारा उचलला. मी वळले तर मागून हाक आली.

"त्याले सांगू नका जी. राजरतनले. त्याले वाटते, दोघांचंही झालं म्हणून. मीच त्या संध्याकाळी फोनवर सांगतलं तसं. खरं कळलं तर तो पोरगा सहीच करायचा नाही, मी ओळखतो त्याले."

अठ्ठावीसला सकाळी दहाच्या आधीच राजरतन खोब्रागडे कार्यालयात हजर होता. उंच, हाडकुळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बहुधा उसना, कारण बाह्या आखूड होत्या. हातात पेढ्यांचा पुडा. साहेबांना दिला, घोंगड्यांना दिला, मला दिला, आणि मग पुड्यातले दोन पेढे वेगळ्या कागदात बांधून खिशात ठेवले.

"हे काकूसाठी," तो म्हणाला. "त्या आल्या नाही का अजून? मले वाटलं, आज दोघंही संगंच हजर होऊ."

घोंगड्यांनी रुजू अहवाल माझ्याकडे सरकवला आणि ते सुपारी शोधायला लागले. मी कागद राजरतनपुढे ठेवला.

"मॅडम, काकूचा ऑर्डर केव्हा येते?"

त्याच्या हातात पेन होतं आणि तो सही करायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता. अकरा दिवसांपूर्वी भरल्या सभेत खरं बोललेली बाई मी.

"येतोय," मी म्हटलं. "निघालाय मुंबईहून. तू सही कर."